समुद्राकडचं दार

शेवंती परबला लोक रडायला बोलावत. मालिकेत कुणाचा सासरा गेला, कुणाचा नवरा अपघातात सापडला, की ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारा विकी तिला फोन लावायचा. "शेवंतीताई, उद्या सकाळी ये. पांढरी साडी आण. मयत आहे." शेवंती पिशवीत साडी घालून बोरिवलीहून निघायची आणि गोरेगाव, मालाड, जिथे कुठे मयत असेल तिथे हजर व्हायची. ग्लिसरीन तिला लागत नसे. बाकीच्या बायका कंपनीच्या खर्चाने डोळे चुरचुरवून घेत. ही नुसती जमिनीकडे बघत बसे आणि दिग्दर्शकाने आवाज दिला की हिच्या डोळ्यांतून धार लागे. युनिटमधली पोरं तिची थट्टा करत, "ताई, आधी पाणी साठवून ठेवता काय घरून?" शेवंती हसून सोडून द्यायची. ते पाणी कुठून येतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

तिने आपली मुलगी जावेच्या ओटीत घातली होती.

शेवंतीचा थोरला दीर चंद्रप्रकाश आणि जाऊ पद्मजा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, गावच्या देवीला कौल लावून झाला. शेवंतीला एक मुलगा होता, निमेश, आणि दुसऱ्या वेळी ती गरोदर होती तेव्हा तिच्या नवऱ्याची, राजेशची, कंपनी बंद पडून तो घरी बसलेला. मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या घरात सासूने, सुंदराबाईने, विषय काढला. "शेवंते, तुका एक झील आसा. देव तुका आणखी देतलो. ह्यां चेडू पद्मजाच्या वटयेत घाल. चलात मां गो?"

सगळं घर शेवंतीकडे बघत होतं. पद्मजा भिंतीला टेकून उभी होती, तिने मान वर केली नाही. राजेश पंख्याकडे बघत होता. अशा वेळी बाई चालेल सोडून दुसरं काय म्हणणार? शेवंती म्हणाली, "चलात." मग तिने पद्मजाच्या पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला आणि त्यावर बाळ ठेवलं. बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, किती मोठं मन! शेवंतीच्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधून दूध आटवलं, आणि देवाने तिला आणखी काही दिलं नाही. मुलीचं नाव पद्मजाने ठेवलं, अबोली. पुढे थोरले मुलुंडला राहायला गेले. गणपतीला आणि दिवाळीला अबोली बोरिवलीला यायची, वाकून नमस्कार करायची आणि म्हणायची, "कशी आहेस, काकी?"

अबोली आता तिसरीत होती. आणि चंद्रप्रकाशला न्यूझीलंडला नोकरी लागली होती.

तिथवरही शेवंतीने गिळलं असतं. तिला गिळायची सवय होती. पण व्हिसासाठी वकिलाने विचारलं, दत्तकाचा कागद कुठे आहे? चंद्रप्रकाश म्हणाला, ओटीत घातली होती. वकील म्हणाला, साहेब, ओटी न्यूझीलंडला चालत नाही. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून शेवंतीचं नाव होतं. म्हणजे आता रीतसर दत्तकपत्र करायचं, बोरिवलीच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात जाऊन नोंदवायचं, आणि त्यावर जन्मदात्या आईबापांनी सही करायची. सोमवारची वेळ घेतली गेली. राजेश लगेच हो म्हणाला. शेवंती म्हणाली, "बघू."

त्या एका शब्दाने मुलुंडच्या घराची झोप उडाली. पद्मजाचे फोनवर फोन येऊ लागले. "शेवंती, मी तुझ्या पाया पडते गं. पोरीला काही कळू देऊ नकोस. तू सही केली नाहीस तर आम्ही तिला घेऊन जाऊच शकणार नाही." शेवंती ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, "बघू." खरं सांगायचं तर तिला ते म्हणताना बरं वाटत होतं. बारशाच्या दिवशी तिच्यापाशी जे नव्हतं ते आता तिच्या हातात आलं होतं. तिने नाही म्हटलं तर मुलगी इथेच राहील. राहिली की कधीतरी तिला सांगावं लागेल. आणि सांगितलं की ती एकदा तरी आई म्हणेल. एवढंच शेवंतीला हवं होतं, आणि ते एवढंसं नव्हतं, हेही तिला कळत होतं.

त्याच आठवड्यात विकीचा फोन आला. "ताई, मोठं काम आहे. वेब सिरीज. मढला. आफ्रिकेचं आहे, गुलामांचं वगैरे. रडायला तुझ्याशिवाय कोण आहे यार?"

"आफ्रिकेत मी काय करू रे?"

"रंगवतील ना."

मढच्या वाळूवर त्यांनी प्लायवुडचा आख्खा किल्ला उभा केला होता. पांढराशुभ्र, वर तोफा, खाली कोठड्या आणि समुद्राच्या बाजूला एक चिंचोळं दार. मढच्या किनाऱ्याने गोऱ्यांचे खरे किल्ले पाहिलेले आहेत, त्यामुळे त्याला या खोट्याचं विशेष काही वाटलं नसावं. शेजारी कोळणी बोंबील वाळवत होत्या आणि दर थोड्या वेळाने युनिटचा माणूस जाऊन त्यांना बोंबलांची दांडी फ्रेममधून काढायला सांगे, आणि त्या त्याला काय सांगत ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुलाब्याहून आणलेले गोरे पर्यटक भर उन्हात केसांचे टोप घालून कंपनीचे साहेब झाले होते. मीरा रोड आणि नालासोपाऱ्याहून आफ्रिकेची माणसं गोळा केली होती. ती कमी पडली, मग कांदिवली-बोरिवलीची माणसं रंगवायला घेतली. आपल्याकडे अडलं की रंगवून मोकळं व्हायचं.

मेकअपवाली सपना शेवंतीच्या मानेला, दंडांना, कानामागे काळा रंग फासत होती. बाजूच्या खुर्चीवर एक उंच बाई बसून ते बघत होती. तिला रंग लागणार नव्हता. ती म्हणाली, "इतना काला कौन होता है? मेरे गाँव में भी नहीं होता." सपना ओशाळली, मग तिघीही हसल्या.

तिचं नाव एफुआ. घाना देशातली, मीरा रोडला एका पार्लरमध्ये केसांच्या वेण्या घालून देणारी. नवरा कपड्यांच्या व्यापारात होता. सोबत मुलगी होती, आमा नावाची. पोरगी अबोलीपेक्षा थोडी लहान, मुंबईतच जन्मलेली, आणि हिंदी अशी बोलायची की मीरा रोडची रिक्षावाली शोभावी. शेवंतीने पिशवीतला चणेगूळ तिला दिला, तेव्हा तिने मराठीत विचारलं, "अजून आहे?" शाळेत शिकली म्हणे.

श्रुतिका नावाची असिस्टंट डायरेक्टर होती. तिने सगळ्यांना दाराशी उभं करून सीन समजावला. हा आफ्रिकेचा किनारा. हे गोऱ्या कंपनीचं ठाणं. आत मुलखातून माणसं पकडून आणायची, कंपनीला विकायची, कंपनीने ती खाली कोंडायची, जहाज येईपर्यंत. महिने महिने. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. जहाज लागलं की या दारातून एकेकाला वाकून बाहेर काढायचं. दार मुद्दाम अरुंद, म्हणजे कुणी झुंबड करून पळायला नको. एकदा दाराबाहेर गेलेलं माणूस परत आत यायचं नाही.

"आणि पोरं?" शेवंतीने विचारलं.

"आई एका जहाजात, पोर दुसऱ्या. गिऱ्हाईक मिळेल तसं."

कपडेपटातल्या दादांनी शेवंतीच्या अंगाभोवती निळ्या चौकटींचं सुती कापड गुंडाळलं. तिने सवयीने चिमटीत धरून बघितलं. सासरा गिरणीत साच्यावर होता, घरात कापडाची पारख होती. "हे तर आपल्याकडचं वाटतं."

"आपल्याकडचंच," दादा म्हणाले. "तेव्हाही आपल्याकडूनच जायचं. गुजरातेतून, मद्रासकडून. गोरे इथनं कापड घ्यायचे, तिथे नेऊन द्यायचे आणि त्या बदली माणूस घ्यायचे. चल, हात वर कर."

शेवंतीने हात वर केला. ज्या हातांनी ते कापड विणलं असेल त्यांना कुठे ठाऊक असणार ते कशासाठी चाललंय, असं तिच्या मनात आलं. तरी ते अंगाला लागत राहिलं.

सीन असा होता की दाराशी आई आणि मुलगी हात धरून उभ्या आहेत, गोरा येतो आणि मुलीला ओढून नेतो. दिग्दर्शकाला वाटलं, एफुआ आणि आमा खऱ्याच मायलेकी आहेत, मग हव्यात कशाला दुसऱ्या? एफुआने मान हलवली. "मैं नहीं करेगी."

"क्यों? ॲक्टिंग तो है."

"मेरे साथ नहीं." तिने शेवंतीकडे बोट दाखवलं. "उसके साथ करेगी तो बच्ची के लिए खेल है. मेरे साथ करेगी तो उसको याद रहेगा कि माँ ने हाथ छोड़ा."

दिग्दर्शक चिडला, पण वेळ जात होता आणि भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. शेवंतीला आई केलं. त्या दिवशी नुसती तालीम झाली.

जेवणाच्या वेळी शेवंती, एफुआ आणि आमा प्लायवुडच्या सावलीत बसल्या. आमा वाळूत शिंपले शोधायला गेली, तेव्हा एफुआने आपल्या गावाबद्दल सांगितलं. गावात असाच पांढरा किल्ला आहे, खराखुरा. त्याच्या पायथ्याशी तिची आई मासे विकते, इथल्या कोळणींसारखीच टोपलीतून. शाळेची सहल किल्ल्यात जाते. खाली कोठड्या आहेत, अंधाऱ्या, आणि बरोबर त्यांच्या वर साहेबांचं प्रार्थनाघर. "ऊपर गाना गाते थे," ती म्हणाली, "नीचे सुनाई देता होगा." तिच्या आजीच्या आजीच्या कुठल्यातरी बहिणीला तिथून नेलं, असं घरात सांगतात. नाव कुणाला माहीत नाही. कुठे गेली, जगली की समुद्रातच मेली, काही नाही. घरी दारूचा, पाण्याचा पहिला घोट पूर्वजांसाठी जमिनीवर ओततात, त्यात तिचाही वाटा असतो. नाव नसल्यामुळे तिला नुसतं 'ती' म्हणतात.

शेवंतीने हातातला घास ताटात ठेवला. तिने आपली सगळी हकिगत एफुआला सांगितली, ओटी, तांदूळ, नारळ, मोगऱ्याच्या कळ्या, सोमवारची सही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ते तोंडाने बोलत होती, आणि तेही मोडक्या हिंदीत, एका परक्या बाईजवळ. शेवटी म्हणाली, "मेरा भी ऐसाच हुआ. मेरे हाथ से ले लिया."

एफुआ ताडकन म्हणाली, "नहीं. ऐसा नहीं हुआ."

"क्यूँ नहीं?"

"तेरे को पूछा. तू बोली हाँ. उनको कौन पूछा?" तिचा आवाज चढला होता. "तेरे को मालूम है बेटी किधर है. क्या खाती है, कौन से स्कूल में जाती है. दिवाली को आके पैर छूती है. हमारे को नाम भी नहीं मालूम. दोनों को एक मत कर."

शेवंतीला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. पण सगळ्या घरासमोर सुनेला विचारणं म्हणजे विचारणं असतं का, हे त्या घानाच्या बाईला कोण समजावणार? तिने ताटं गोळा केली आणि ती उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुपारनंतर टेक होता. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, उजेड पाहिजे तसा तिरपा झाला होता, सगळे घाईत. शेवंतीने आमाचा हात धरला. छोटा, वाळूने खरखरीत झालेला, गुळाने चिकट. गोरा आला. तो बिचारा लॅटव्हियाचा, फिरायला आलेला आणि चार दिवसांत कंटाळलेला. त्याने आमाचा दुसरा हात धरून हलकेच ओढलं. ठरलं होतं की शेवंतीने धरून ठेवायचं, ओरडायचं आणि मग बोटं सुटू द्यायची.

तिने बोटं सुटू दिली नाहीत.

ती ओरडलीही नाही. रडलीही नाही. नुसती धरून राहिली. गोऱ्याने जरा जोर केला, हिने जास्त जोर केला. दिग्दर्शक मागून ओरडत होता, "छोड़ो अब, छोड़ो!" आणि मग त्याला ते आवडलं असावं, कारण तो म्हणाला, "चालू ठेव, कट करू नको." शेवंतीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या मनात एकच गोष्ट होती, की या वेळी नाही. कितीही माणसं बघत असोत, या वेळी चलात म्हणायचं नाही.

"आंटी, छोड़ो ना! दुखता है!" आमा खरोखर रडत होती.

एफुआ कॅमेऱ्यासमोरून धावत आली. तिने शेवंतीची बोटं एकेक करून उलगडली आणि मुलीला उचलून घेतलं. आमाच्या मनगटावर काळ्या रंगाची चार बोटं उमटली होती. शेवंती भानावर आली. "चुकलं गं माझं," ती मराठीतच म्हणाली. "गलती हो गया. मेरे को समझा नहीं."

एफुआ रागावली नाही, हेच शेवंतीला जड गेलं. मुलीचं मनगट चोळत ती म्हणाली, "मेरे को मालूम है तू किसका हाथ पकड़ी थी. मेरी लड़की का नहीं." आणि मुलीला घेऊन नळावर रंग धुवायला गेली.

दिग्दर्शकाने शॉट ओके केला. असं काही त्याने आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. विकी म्हणाला, "ताई, झकास! वाट लावलीस सगळ्यांची!"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शेवंतीने राजेशला सांगितलं, "मी सही करणार नाही."

राजेश पेपर वाचत होता, त्याने तो घडी करून ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त जे काही घडेल ते पंख्याकडे बघत घडू देणारा होता. म्हणाला, "मग पोरीला काय सांगायचं?"

"मी तिची आई आहे ते सांगायचं."

"तू सांग मग. माझ्यात नाही तेवढा दम."

"मीच सांगेन. उद्याच सांगेन. सगळ्यांच्या देखत."

राजेश म्हणाला, "त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं, शेवंती." तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिला उलट अंगात बळ आल्यासारखं झालं. रात्रभर तिने ते वाक्य घोळवलं. बाळा, मी तुझी आई आहे. बाळा नको, अबोली म्हणू. अबोली, तुला मी जन्म दिला. नको, जन्म वगैरे नको, पोर घाबरेल. साधंच.

रजिस्ट्रेशन ऑफिसात घरं विकणारे, घरं घेणारे, त्यांचे एजंट आणि त्यांचे वकील यांची ही गर्दी. त्यातच एका बाकावर चंद्रप्रकाश फाइल मांडीवर घेऊन बसला होता. पद्मजाचे डोळे सुजलेले होते, ओठ कोरडे. ती शेवंतीला बघून उठली. तिच्या ओढणीचं टोक अबोलीने हाताभोवती गुंडाळून धरलं होतं. केसांना नीट दोन वेण्या, पायांत नवे बूट, आणि समोरचे दोन दात नुकते पडलेले. शेवंतीच्या तोंडचे दातही त्याच वयात पडले होते, तिची आई सांगायची.

कारकुनाने पुकारा केला, "परब! लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण? देणारे या बाजूला, घेणारे त्या बाजूला उभे राहा."

दत्तकपत्राच्या भाषेत तसंच असतं. घर देणारा, घेणारा. मूल देणारा, घेणारा. राजेश देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. शेवंती म्हणाली, "मला आधी पोरीशी दोन शब्द बोलायचेत."

पद्मजाचा चेहरा उतरला. चंद्रप्रकाश उठू लागला, तिने त्याला हातानेच खाली बसवलं. ती म्हणाली, "जा बाळा. काकी काय म्हणते ते ऐक." एवढं म्हणायला तिला काय लागलं असेल ते तिलाच ठाऊक. पण अबोली हलेना. ओढणी सोडेना. शेवंतीने पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये आणलं, झेरॉक्सच्या दुकानापाशी. ओढणीचं टोक ताणत गेलं आणि दाराशी सुटलं.

शेवंती तिच्यासमोर बसली, गुडघ्यांवर. वाक्य तयार होतं.

अबोलीच अगोदर बोलली. हळू आवाजात, घाईघाईने, आतून कुणी ऐकेल अशी भीती वाटल्यासारखी. "काकी, तू सही नाही करणार का? बाबा म्हणत होते, काकीने सही नाही केली तर मला इथे ठेवावं लागेल. आई बाथरूममध्ये जाऊन रडते." तिची हनुवटी थरथरायला लागली. "तू मला ठेवून घेणार? मी काय केलं, काकी?"

शेवंतीने खाली बघितलं. पोरीचं मनगट तिच्या मुठीत होतं. पोर ते ओढत नव्हती, शिकवलेली होती, मोठ्यांचा हात झिडकारायचा नाही म्हणून. नुसती ताठ उभी होती आणि मान वळवून दाराकडे बघत होती. दाराच्या आत पद्मजा उभी होती, दोन्ही हात रिकामे लोंबत.

मढच्या त्या दाराशी आपण आई होतो, असं शेवंती इतके दिवस धरून चालली होती. आता तिने आई कुठे उभी आहे ते बघितलं, आणि पोरीला ओढून बाहेर आणणारं माणूस कोण आहे तेही बघितलं. मूठ उघडायला तिला वेळ लागला. तिने एकेक बोट सोडलं, आणि या वेळी ते उलगडायला दुसरं कोणी नव्हतं.

"तू काही केलं नाहीस, बाय," ती म्हणाली. "मी तुझी वेणी बघायला आणलं बाहेर. कुणी घातली?"

"आईने."

"छान घातलीय."

आत रजिस्ट्रेशनचा साहेब तरुण होता. समोरच्या ढिगातून त्याने कागद ओढला आणि रोज शंभर जणांना विचारतो तसंच, मान वर न करता विचारलं, "दस्त वाचलात? मजकूर समजला? स्वखुशीने देताय ना? कुणाचा दबाव, जबरदस्ती?"

शेवंती लगेच बोलली नाही. साहेबाने मान वर केली. त्याला घाई होती, पण तो थांबला. या बाईला नाही म्हणायची मुभा होती, कायद्याने होती, आणि तो ती ऐकून घेणार होता. सासूने विचारलं होतं त्यापेक्षा हे वेगळं होतं. आणि समुद्राकडच्या त्या चिंचोळ्या दारातून वाकून बाहेर काढलेल्या बायका, ज्यांची आज घरच्यांना नावंसुद्धा माहीत नाहीत, त्यांना असं समोर बसवून कोणी एकदाही विचारलं नव्हतं. एफुआ चिडली होती ते बरोबर होतं. विचारलं जाणं ही केवढी गोष्ट असते, ते शेवंतीला सही करतानाच कळायचं होतं.

"ताई?"

"कबूल आहे," शेवंती म्हणाली. "खुशीने देतेय."

तिने सही केली. अंगठा उमटवला. कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले, तसं बघितलं. राजेशने सही केली. पद्मजा सही करायला वाकली आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा शेवंतीनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुरे गं. लोक बघतात."

खाली रस्त्यावर आल्यावर चंद्रप्रकाश रिक्षा बघायला पुढे गेला. पद्मजा कागद पिशवीत नीट ठेवत होती. अबोली मागे रेंगाळली. एकदम वळली, धावत आली आणि शेवंतीच्या कमरेला तिने मिठी मारली. वाकून नमस्कार नव्हे, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तोंड शेवंतीच्या साडीत खुपसून, आणि इतकी घट्ट की शेवंतीचा श्वास अडकला. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. शेवंतीने हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि ठेवूनच राहिली.

"थँक यू, काकी," अबोली म्हणाली.

शेवंतीने तिची एक सैल झालेली रिबीन पुन्हा बांधली.

"जा," ती म्हणाली. "आई थांबलीय."